रिपोर्टात 'जोखीम जास्त' आलं, मग चालून काय उपयोग?

पत्र

मी माध्यमिक शाळेत जीवशास्त्र शिकवते. वय ३८. माझ्या वडिलांना आणि आत्याला मधुमेह आहे. गेल्या वर्षी आम्ही घरातल्या तिघांनी लाळ पाठवून जनुकीय चाचणी करून घेतली. माझ्या रिपोर्टात टाइप २ मधुमेहासमोर लाल खूण आली: 'जोखीम सरासरीपेक्षा जास्त.' खाली जनुकाचं नाव होतं, टीसीएफ७एल२. माझी साखर तेव्हाही सीमारेषेवर होती. त्याआधी मी नेमाने चालायला जायचे, रिपोर्ट आल्यापासून ते हळूहळू सुटलं. जे रक्तातच लिहिलंय ते चालून थोडंच पुसलं जाणार, असं वाटत राहतं.

मुलगी दहा वर्षांची आहे. शंभर मीटर धावायला तिला मनापासून आवडतं. तिच्या रिपोर्टात 'वेगाचं जनुक नाही, दमसासाच्या खेळांना योग्य' असं आलंय. नवऱ्याचं म्हणणं, आत्ताच लांब पल्ल्याकडे वळवू, उगाच वर्षं वाया नकोत.

आणि परवा वर्गात 'डीएनए म्हणजे शरीराचा आराखडा' हे नेहमीचं वाक्य मी म्हटलं, तर एका मुलाने विचारलं, "बाई, म्हणजे आपलं सगळं आधीच ठरलेलं असतं का?" मी "बरंचसं" म्हणाले आणि पुढे गेले. तेव्हापासून चैन नाही. त्याला काय सांगायला हवं होतं?

– लाल खुणेवाली

उत्तर

बाई,

तुमची सही काहीही असो, मी तुम्हाला बाईच म्हणेन. तुमचा विद्यार्थी तसंच म्हणतो, आणि या पत्रातला सगळ्यात चांगला प्रश्न त्याचाच आहे. पण सुरुवात चालण्यापासून करते, कारण तिथलं नुकसान रोज होतंय.

रिपोर्ट तुम्हाला खोटं सांगत नाहीये. टीसीएफ७एल२चा मधुमेहाशी असलेला संबंध २००६ साली समोर आला आणि पुढे अनेक देशांतल्या लोकांमध्ये तो पुन्हा पुन्हा दिसला. सर्रास आढळणाऱ्या जनुकीय फरकांमध्ये टाइप २ मधुमेहावर सगळ्यात जास्त प्रभाव असणाऱ्यांत याची गणना होते. तो प्रभाव किती? प्रत्येक जनुकाच्या आपल्यात दोन प्रती असतात, एक आईकडून, एक वडिलांकडून. त्यातली एक जोखमीची असली तर शक्यता साधारण चाळीस टक्क्यांनी वाढते. दुर्लक्ष करण्याइतकी ही वाढ लहान नाही आणि हातपाय गाळण्याइतकी मोठीही नाही.

अमेरिकेत मधुमेह टाळण्यासंबंधी एक मोठा अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष २००२ मध्ये आले. त्यात ३,२३४ माणसं होती, सगळ्यांची साखर तुमच्यासारखीच सीमारेषेवर. त्यांचे गट पाडले. एकाला औषध नसलेली नुसती गोळी, दुसऱ्याला मेटफॉर्मिन हे मधुमेहाचं नेहमीचं औषध. तिसऱ्याला गोळी नाहीच. त्यांनी वजन ७ टक्क्यांनी उतरवायचं आणि आठवड्याला किमान १५० मिनिटं झपाझप चालण्यासारखा व्यायाम करायचा. सरासरी तीनेक वर्षांच्या काळात, नुसत्या गोळीच्या तुलनेत मेटफॉर्मिनवाल्यांमध्ये मधुमेहाचं प्रमाण ३१ टक्क्यांनी कमी भरलं आणि व्यायामवाल्यांमध्ये ५८ टक्क्यांनी.

इथपर्यंत पुष्कळांना माहीत असतं. तुमच्या कामाचा भाग पुढे आहे. २००६ मध्ये याच लोकांचं नेमकं हेच जनुक तपासलं गेलं. नुसत्या गोळीच्या गटात, जोखमीच्या दोन्ही प्रती असलेल्यांना मधुमेह होण्याचा वेग एकही प्रत नसलेल्यांपेक्षा सुमारे ८० टक्क्यांनी जास्त होता. व्यायामाच्या गटात हाच फरक १५ टक्क्यांच्या आसपास आला, म्हणजे तो खरा आहे की योगायोग, हे छातीठोक सांगता येणार नाही इतका. त्या १५ला फार कवटाळू नका. दोन प्रती असलेली माणसं थोडी होती, आणि अशा छोट्या गटांतले आकडे पुढेमागे सरकतात. पण लाल खूणवाल्यांना चालण्याचा उपयोग होत नाही हा तुमचा जो समज आहे, त्याला या आकडेवारीत कुठेही आधार नाही. उलट ज्यांची जोखीम जास्त, त्यांना कमी करायला जागाही जास्त.

यात जनुक बदललं नाही. त्या लोकांच्या पेशीपेशीत ते होतं तसंच राहिलं. भोवतालचं शरीर बदललं आणि त्याबरोबर त्या जनुकाचा परिणामही बदलला. एवढं एक वाक्य नीट रुजलं की तुमचे उरलेले दोन प्रश्न निम्मे सुटतात.

आता रिपोर्टानंतर चालणं का सुटलं, याबद्दल. हा आळस नाही, त्यामुळे स्वतःला बोल लावू नका. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांची जनुकीय तपासणी केली, त्यांना ट्रेडमिलवर पळवून त्यांचा दम मोजला. मग पुन्हा बोलावून प्रत्येकाला एक निकाल सांगितला: व्यायाम झेपण्याच्या दृष्टीने तुमचं जनुक चांगलं, किंवा वाईट. कुणाला काय सांगायचं हे मात्र चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलेलं, खऱ्या निकालाशी त्याचा संबंध नाही. नंतर पुन्हा ट्रेडमिल. ज्यांना 'वाईट' सांगितलं होतं त्यांची कामगिरी आधीपेक्षा घसरली, ते लवकर थांबले, फुप्फुसांची क्षमतासुद्धा कमी मोजली गेली. ज्यांच्याकडे प्रत्यक्षात 'चांगलं' जनुक होतं त्यांचंही तेच झालं. काही मोजमापांत तर सांगितलेल्या निकालाचा परिणाम खऱ्या जनुकापेक्षा मोठा निघाला. प्रयोग संपल्यावर त्या सगळ्यांना खरं काय ते सांगण्यात आलं. लाळ पाठवून रिपोर्ट मागवणाऱ्यांना असं समोर बसवून सांगणारं कुणी नसतं. जनुकीय समुपदेशनाच्या कामात मला हे सारखं दिसतं: माणूस आजाराने नाही, रिपोर्टाच्या रंगाने बसलेला असतो.

तेव्हा बाई, चालायला लागा. वर्षातून एकदा एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर, तपासून घ्या. तो आकडा सध्या तुमच्या शरीरात काय चाललंय ते सांगतो, लाल खूण फक्त काय होऊ शकतं ते सांगते. आणखी एक विचारून ठेवा. वडिलांना किंवा आत्याला मधुमेह अगदी तरुणपणी, पंचविशीच्या आतबाहेर झाला होता का? तसं असेल आणि पिढ्यान्‌पिढ्या तसंच होत आलं असेल, तर एकाच जनुकातल्या दोषामुळे होणारा, तुलनेने विरळ मधुमेह असण्याची शक्यता डॉक्टरांशी बोला. त्यातल्या काही प्रकारांत उपचारच वेगळे असतात. उतारवयात झाला असेल तर हा परिच्छेद विसरा.

मुलीचं लवकर आटोपते, कारण तिथे गुंता कमी आहे आणि माझा राग जास्त.

'वेगाचं जनुक' म्हणतात ते एसीटीएन३. स्नायूंच्या झटपट आकसणाऱ्या तंतूंमध्ये जे एक प्रथिन असतं, ते बनवणारं. जगात साधारण दीडशे कोटी लोकांच्या शरीरात हे प्रथिन मुळीच बनत नाही, आणि त्यांना त्याचा पत्ताही नसतो. ऑलिंपिक पातळीच्या वेगवान धावपटूंमध्ये असे लोक फार कमी सापडतात हे खरं. रिपोर्ट बनवणारे या एका वस्तुस्थितीवर दुकान चालवतात. पण ग्रीसमधल्या किशोरवयीन मुलामुलींवर झालेल्या एका अभ्यासात मुलग्या-मुलग्यांच्या ४० मीटर धावण्याच्या वेळेत जो फरक होता, त्यातला जेमतेम सव्वादोन टक्के या जनुकाच्या खाती जमा झाला. आणि मुलींमध्ये? काहीच नाही. हे प्रथिन अजिबात न बनणारा एक स्पॅनिश लांब उडीपटू ऑलिंपिकपर्यंत पोचला. लांब उडी म्हणजे शेवटच्या पावलापर्यंत निव्वळ वेग आणि स्फोटक ताकद, हे वेगळं सांगायला नको.

२०१५ मध्ये क्रीडावैद्यक आणि जनुकशास्त्रातल्या तज्ज्ञांनी एकत्र येऊन एक निवेदन काढलं. मुलांमधलं क्रीडाकौशल्य हेरण्यासाठी किंवा कुणाला कुठल्या खेळात घालायचं हे ठरवण्यासाठी या थेट विकल्या जाणाऱ्या चाचण्यांचा उपयोग करू नये, असं त्यात स्पष्ट म्हटलंय. नवऱ्याला हे दाखवा. दहा वर्षांच्या मुलीला कुठला खेळ जमेल हे तिला विचारा, तिच्या प्रशिक्षकांना विचारा. हवं तर स्टॉपवॉच घ्या. शंभर मीटरची वेळ मोजायला शंभर मीटरची वेळच मोजावी, लाळ कशाला? आणि मागच्या प्रयोगाची आठवण ठेवून तिच्यासमोर 'तुझ्यात ते जनुक नाही' हे वाक्य घरात पुन्हा उच्चारू नका.

आता तुमचा तो मुलगा.

"बरंचसं" हे उत्तर प्रामाणिक होतं, पण त्याने चुकीचा प्रश्न मान्य केला. किती टक्के आधी ठरलेलं आणि किती टक्के नंतर, अशी वाटणीच होत नाही. ती का होत नाही हे मुलांना फळ्यावर दाखवता येतं, आणि त्यासाठी माझ्या आवडीचा प्रयोग खूप जुना आहे.

कॅलिफोर्नियात क्लाउसेन, केक आणि हायसी या तिघा संशोधकांनी 'अकिलिया' नावाच्या एका रानटी वनस्पतीवर काम केलं, १९४८ मध्ये ते प्रसिद्ध झालं. त्यांनी एक रोप घ्यायचं, त्याचे तीन तुकडे करायचे. तीनही तुकड्यांत जनुकं अगदी तीच, कारण ते एकाच रोपाचे. एक तुकडा समुद्रसपाटीजवळ लावायचा, दुसरा साधारण १,४०० मीटर उंचीवर, तिसरा ३,००० मीटरच्या वर, जिथे थंडी कडक आणि वाढीचे दिवस थोडे. असं अनेक रोपांचं केलं आणि प्रत्येक ठिकाणी कोण किती वाढतंय ते मोजलं.

आता फळ्यावर त्यातल्या सात रोपांची उंची तीन ओळींत काढा, खालची जागा, मधली आणि वरची, आणि वर्गाला विचारा: यातलं कुठलं रोप 'उंच जनुकांचं'? मुलं खालच्या ओळीतलं सगळ्यात उंच रोप दाखवतील. मग त्यांना मधल्या ओळीत तेच रोप शोधायला लावा. ते तिथे इतरांच्या मागे पडलेलं दिसेल. खाली मध्यम असलेलं दुसरंच कुणीतरी तिथे पुढे असेल. सगळीच रोपं वर गेली की खुरटतात, असं साधं असतं तर प्रश्न मिटला असता, क्रम तरी कायम राहिला असता. पण क्रमच बदलतो. म्हणजे 'हे जनुक रोपाला उंच करतं' या वाक्याला 'कुठे' हे जोडल्याशिवाय अर्थच येत नाही. मुलं हे पटकन पकडतात. मोठ्यांना वेळ लागतो, त्यांच्या मनात आराखडा घट्ट बसलेला असतो.

कुणीतरी हुशार पोरगं म्हणेल, "बाई, पण ती झाडं आहेत." म्हणू दे. मग त्याला हृदयाकडे न्या.

हृदयाच्या ठोक्याची लय कुठून येते? १९६० मध्ये डेनिस नोबल या तरुण संशोधकाने हृदयपेशीचं गणिती प्रारूप मांडलं. पेशीच्या पटलात आयनांना, म्हणजे विद्युतभार असलेल्या कणांना, आतबाहेर सोडणारी छोटी दारं असतात, आणि ती दारं ज्या प्रथिनांची बनलेली असतात ती जनुकांवरूनच तयार होतात. इथपर्यंत जनुकवाले खूश. पण दारं कधी उघडायची आणि कधी मिटायची हे पेशीच्या विद्युतदाबावर ठरतं, आणि तो दाब किती राहणार हे दारं उघडी आहेत की बंद यावर. एकाने दुसऱ्याला ढकलायचं, दुसऱ्याने पहिल्याला परत. नोबलच्या समीकरणांत लय कुठेही वेगळी घातलेली नव्हती, ती या देवाणघेवाणीतून आपोआप उमटली. अशा प्रारूपात सगळी प्रथिनं जागच्या जागी ठेवून नुसता दाब एका आकड्यावर धरून ठेवला की लय थांबते. धडधडीचं जनुक शोधायला निघालेला माणूस सगळी जनुकं तपासून रिकाम्या हाताने परत येईल. धडधड पेशीत आहे, कुठल्याही एका रेणूत नाही.

वेळ उरला तर मांजराची गोष्ट सांगा, ती हमखास चालते. २००१ च्या डिसेंबरमध्ये टेक्सासमध्ये पहिलं क्लोन केलेलं मांजर जन्माला आलं. मूळ मांजरीच्या अंगावर पांढऱ्या-काळ्यासोबत नारिंगी ठिपके होते. क्लोनच्या अंगावर नारिंगी औषधालाही नव्हता. दोघींचा डीएनए तोच. पण मांजरींच्या प्रत्येक पेशीत दोन एक्स गुणसूत्रांपैकी एक बंद केलेलं असतं, आणि ज्या पेशीपासून क्लोन बनला तिच्यात नारिंगी रंगाचं जनुक असलेलंच नेमकं बंद होतं. डीएनएवर सगळं लिहिलेलं असलं तरी त्यातलं काय वाचलं जाईल हे पेशीच्या आजवरच्या वाटचालीवर अवलंबून असतं.

हे सगळं नवं आहे असंही नाही. जाकोब आणि मोनो या फ्रेंच शास्त्रज्ञांनी १९६१ मध्येच दाखवलं होतं की साधा जिवाणूसुद्धा लॅक्टोज ही साखर पचवण्याची जनुकं सतत चालू ठेवत नाही. बाहेर लॅक्टोज आहे का, त्याहून सोपं ग्लुकोज जवळ आहे का, हे बघून ती चालू-बंद होतात. जनुक भोवतालाला विचारतं, हे पाठ्यपुस्तकातच आहे. फक्त दोन प्रकरणं पुढे आहे, आणि आराखड्याचं वाक्य पहिल्या प्रकरणात. मधल्या काळात माणसाचा सगळा डीएनए वाचण्याचा, मानवी जनुकसंचाचा प्रकल्प आला, १९९० मध्ये सुरू होऊन २००३ मध्ये पूर्ण जाहीर झाला, आणि तो सुरू असताना जी भाषा वापरली गेली ती आपल्या सगळ्यांच्या डोक्यात बसली. माणसात लाखभर जनुकं असतील असा तेव्हाचा अंदाज. प्रथिनं बनवणारी निघाली वीस हजारांच्या आसपास. ज्याच्या अंगात सगळ्या मिळून ९५९ कायिक पेशी असतात त्या एका मिलिमीटरभर सूत्रकृमीतही साधारण तेवढीच. तरी 'अमुक गुणाचं जनुक सापडलं' या बातम्या थांबल्या नाहीत. नैराश्याचं घ्या. त्यासाठी वर्षानुवर्षं नावाजलेली अठरा जनुकं २०१९ मध्ये लाखो लोकांच्या माहितीवर तपासली, तेव्हा कुठलीही अठरा जनुकं उचलली असती तरी फार वेगळं निघालं नसतं.

इथे तुमचा वर्ग नक्की विचारेल: मग उंची आनुवंशिक असते हे खोटं? तेही पुस्तकात आहे, आणि ८० टक्के हा आकडा कुणीतरी इंटरनेटवरून आणेल. आकडा बरोबर आहे, अर्थ वेगळा आहे. एका समाजात, एका काळात, माणसामाणसांच्या उंचीत जो फरक दिसतो त्यातला एवढा भाग जनुकीय फरकांशी जोडता येतो, इतकंच तो सांगतो. तुमच्या उंचीतले इतके सेंटिमीटर आईबापांनी दिले आणि इतके पोषणाने, असं तो सांगत नाही. दक्षिण कोरियातल्या स्त्रियांची सरासरी उंची शंभर वर्षांत २० सेंटिमीटरहून जास्त वाढली. तेवढ्या काळात कोरियन लोकांची जनुकं बदलायला वेळच नव्हता. बदललं ते पोषण, आजारपण, बालपण. आनुवंशिकता ८० टक्के असणं आणि अख्ख्या देशाची उंची वाढणं, दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं.

उंचीचं आणखी एक सांगून ठेवते, कारण ते तुमच्या रिपोर्टालाही लागू पडतं. २०२२ मध्ये ५४ लाख लोकांच्या डीएनएवरून उंचीशी संबंधित बारा हजारांहून जास्त जागा सापडल्या. प्रत्येकीचा वाटा इवलासा. त्या सगळ्या मिळून युरोपीय वंशाच्या लोकांमध्ये उंचीतल्या फरकाचा सुमारे ४० टक्के भाग सांगता आला, इतरांमध्ये १० ते २० टक्केच. कारण तपासलेले बहुतेक लोक युरोपीय वंशाचे होते. आजारांच्या जोखमीचे बरेचसे हिशोब अशाच माहितीवर मांडलेले असतात. रिपोर्टातल्या रंगीत पट्टीवर ही तळटीप सहसा छापत नाहीत.

आणि 'हुशारी'चं पान तुमच्या मुलीच्या रिपोर्टात असेलच, तर तेही बाजूला ठेवा. आइसलँडमधल्या एका अभ्यासाने २०१८ मध्ये फार सुंदर युक्ती केली. आईबापांची जी जनुकं मुलांकडे आलीच नाहीत, फक्त तीच मोजली. मुलाच्या शरीरात नसलेल्या जनुकांनी त्याच्या शिक्षणावर परिणाम करायचं काही कारण नाही ना? पण संबंध दिसला, आणि तो मुलांकडे आलेल्या जनुकांच्या सुमारे तीस टक्के भरला. त्या जनुकांनी आईबाप घडले, आईबापांनी घर घडवलं, घराने मूल. लाळेच्या रिपोर्टात हे सगळं मुलाच्या 'अंगच्या' गुणांत मोजलं जातं.

आता दुसऱ्या टोकाला जाऊ नका. जनुकांचं काही चालत नाही असं वर्गात सांगितलंत तर तेही खोटंच. हंटिंग्टन या मज्जासंस्थेच्या आजारात एका जनुकातली डीएनएच्या तीन अक्षरांची ओळ चाळीस किंवा त्याहून जास्त वेळा आली असेल, तर पुरेसं आयुष्य लाभलेल्या माणसाला तो आजार होतोच, आजवर तरी कितीही चालून तो टळलेला नाही. बीआरसीए१ या जनुकात घातक बदल असलेल्या स्त्रियांपैकी साठ टक्क्यांहून जास्त जणींना आयुष्यात कधी तरी स्तनाचा कर्करोग होतो. तिथे जनुकाचं ऐकावंच लागतं, आणि वेळेवर ऐकलं तर जीव वाचतो. फेनिलकीटोन्युरिया तर मुलांना मुद्दाम शिकवा. एकाच जनुकातला दोष, दोन्ही प्रती बिघडलेल्या, आणि उपाय न केल्यास मेंदूची गंभीर हानी. पण जन्मल्यावर लगेच टाचेतल्या रक्ताच्या थेंबावरून ओळखलं आणि फेनिलअलनिन हे अमिनो आम्ल आहारात मोजूनमापून दिलं, तर मूल नीट वाढतं. हा आजार जनुकाचा की आहाराचा? वर्गात मत घ्या, जोरदार वाद होईल.

तेवढाच सावधपणा 'एपिजेनेटिक्स'बाबतही ठेवा, म्हणजे डीएनएची अक्षरं न बदलता त्यावरच्या रासायनिक खुणांनी जनुकं चालू-बंद कशी होतात त्या अभ्यासाबाबत. विचार बदला म्हणजे जनुकं बदलतील, असं सांगणारे व्हिडिओ मुलं बघतात. १९४४-४५च्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये दुष्काळ पडला, त्यात गर्भात असलेल्यांच्या डीएनएवरच्या रासायनिक खुणा साठ वर्षांनीही त्यांच्या भावंडांपेक्षा वेगळ्या सापडल्या, हे खरं संशोधन आहे. त्यावरून ध्यानधारणेचा कोर्स विकणं हे वेगळंच प्रकरण. जनुकाच्या जागी एपिजेनेटिक खूण बसवली आणि पुन्हा 'सगळं यातच आहे' म्हटलं, तर आपण जिथे होतो तिथेच राहिलो.

'आराखडा' हे वाक्य टाकायलाच हवं असं माझं म्हणणं नाही, परीक्षेत तेच विचारतील. त्या दिवशी ते वाक्य सांगा आणि त्याच तासाला अकिलियाच्या तीन ओळी काढा. त्या मुलाला मात्र वेगळं बोलावून सांगा की त्याच्या प्रश्नावर तुम्ही पुढचा तास घेणार आहात.

राहिली घरातली कागदपत्रं. तुमच्या नवऱ्याचा हेतू चांगला आहे, पण मुलीची चाचणी तिच्यासाठी तुम्ही दोघांनी केलीत, तिने नाही. मोठेपणी होणाऱ्या आजारांबद्दल लहान मुलांची चाचणी, लहानपणी त्यावर काही करता येत नसेल तर, करू नये, मूल मोठं झालं की त्याचं त्याला ठरवू द्यावं, असं वैद्यकातल्या संस्था सांगतात. तिच्या रिपोर्टातली तशी पानं उघडली नसतील तर उघडू नका.

तुमच्या स्वतःच्या रिपोर्टात बीआरसीएसारख्या जनुकासमोर काही लिहिलंय का, तेवढं मात्र आज बघा. असेल तर घाबरण्याआधी आणि दुर्लक्ष करण्याआधी वैद्यकीय प्रयोगशाळेतून ते पुन्हा तपासून घ्या. अशा कंपन्यांकडून मिळणाऱ्या कच्च्या माहितीत दिसलेले बदल २०१८च्या एका पडताळणीत ४० टक्के चुकीचे निघाले होते. काही नसलं म्हणूनही निर्धास्त होऊ नका, या चाचण्या त्या जनुकातल्या मोजक्याच जागा बघतात. कुटुंबात स्तनाचा किंवा बीजकोशाचा कर्करोग कुणाला झाला असेल तर ते रिपोर्टापेक्षा महत्त्वाचं धरा आणि जनुकीय समुपदेशकाची वेळ घ्या. जाताना रिपोर्ट न्यायला हरकत नाही, पण वडिलांच्या आणि आईच्या दोन्ही बाजूंचे आजार आणि ते कुणाला कितव्या वर्षी झाले, याचा कागद आधी करून न्या. समुपदेशक पहिल्यांदा तोच मागतील.

– तुमची सल्लागार